हीटर लावला की झालं?

रात्री एक-दीड वाजता रील्स सरकवताना हा पठ्ठ्या तुम्हाला एकदा तरी दिसलेला असणारच. मांजरीपेक्षा लहान, अंगाचा रंग दुधावरच्या सायीसारखा, डोळे काळेभोर, आणि कान एवढे मोठे की आधी कान जन्माला आले आणि बाकीचा प्राणी मागून येऊन त्यांना चिकटला असं वाटावं. नाव फेनेक फॉक्स. ‘झूटोपिया’ पाहिला असेल तर त्यातला हत्तीच्या पिल्लाचा ड्रेस घालून फिरणारा, भारदस्त आवाजाचा फिनिक आठवा. तो फेनेकच. अल्जीरियाच्या फुटबॉल टीमचं टोपणनावही याच्यावरूनच पडलंय.

त्याला पाहिल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला. हा पाळता येतो का? अमेरिकेत, युरोपात, जपानमध्ये काही लोक पाळतात, हे खरं आहे. पण हा प्राणी सहारा वाळवंटातला. जिथे जानेवारीत खिडकीच्या काचेवर बर्फ जमतो तिथे तो सुखाने राहील का? यावर एका ओळीचं रेडिमेड उत्तर मिळतं: घरात ठेवा, हीटर लावा, झालं. हे उत्तर चुकीचं नाही, पण ते अर्धंच आहे. आणि उरलेलं अर्धं कळलं नाही तर त्याची किंमत आपल्याला नाही, त्या प्राण्याला मोजावी लागते.

आधी नावाचा एक घोळ मिटवू. फॉक्स म्हटलं की आपण सरसकट ‘कोल्हा’ म्हणून मोकळे होतो. पण गावाकडे संध्याकाळी कोल्हेकुई ऐकू येते ना, तो कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्सला मराठीत स्वतंत्र शब्द आहे, खोकड. आपल्या माळरानांवर राहणारा, बारीक अंगाचा, झुपकेदार शेपटीचा प्राणी तो. त्यामुळे फेनेकला वाळवंटी कोल्हा न म्हणता वाळवंटी खोकड म्हणणं जास्त बरोबर. ‘फेनेक’ हा शब्द मूळ अरबी ‘फनक’वरून आलाय. आपण इथे फेनेकच म्हणू.

वीस आणि पस्तीस

फेनेक हा कुत्र्याच्या कुळातला जगातला सर्वांत छोटा प्राणी. वजन साधारण एक ते दीड किलो, म्हणजे तुमच्या लॅपटॉपएवढं किंवा त्याहूनही कमी. कान मात्र १५ सेंटिमीटरपर्यंत. या कानांची दोन कामं. एक, वाळूखाली वळवळणारा किडा ऐकणं. दुसरं, अंगातली उष्णता बाहेर टाकणं. कानांच्या पातळ कातडीखालून रक्त वाहतं, हवा लागते, रक्त थंड होतं. थोडक्यात, बाइकच्या इंजिनाला असतो तसा हा रेडिएटर.

दहावीपर्यंतचं सायन्स आठवत असेल तर इथेच शंका यायला हवी. वाळवंटात जो रेडिएटर कामाचा, तो थंडीत घातक नाही का? आर्क्टिक प्रदेशातल्या खोकडाचे कान बघा, छोटे, गोल आणि केसाळ. निसर्गाने तिथे उष्णता बाहेर पडायची जागाच ठेवलेली नाही. फेनेकचं बरोबर उलटं. शिवाय त्याच्या शरीराचा चयापचय त्याच्या वजनाच्या इतर प्राण्यांच्या मानाने मंद असतो, अंदाजे दोन तृतीयांश. उन्हाळ्यात हे फायद्याचं, कारण अंगात उष्णताच कमी तयार होते. थंडीत मात्र हीच गोष्ट नडते.

अभ्यासकांनी याची मोजमापं केलेली आहेत. हवेचं तापमान ३५ अंशांच्या वर जाईपर्यंत फेनेक धापा टाकत नाही. एकदा टाकायला लागला की मिनिटाला २४ श्वासांवरून थेट ६९० पर्यंत जातो! हे झालं वरचं टोक. खालचं टोक आपल्याला जास्त धक्का देणारं आहे: पारा २० अंशांच्या खाली गेला की त्याला कापरं भरायला लागतं.

वीस. शून्य नाही, दहा नाही, वीस. आपल्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधला एसी कधीकधी यापेक्षा खाली असतो. पुण्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या आसपास येतो आणि आपण त्याला ‘गुलाबी थंडी’ म्हणतो. म्हणजे फेनेकसाठी ‘थंड हवामान’ शोधायला स्वीडनला जायची गरज नाही, शिवाजीनगर पुरे.

मग सहाराच्या रात्रीचं काय?

आता गंमत बघा. वाळवंट म्हणजे चोवीस तास भट्टी, असा आपला समज. पण वाळू जितक्या लवकर तापते तितक्याच लवकर निवते आणि आकाशात ढग नसल्याने दिवसभराची उष्णता रात्री सरळ वर निघून जाते. सहारात हिवाळ्यातल्या रात्री काही भागांत पारा शून्याजवळ जातो. आणि फेनेक तर निशाचर. त्याचा सगळा उद्योग रात्रीच. वीस अंशांखाली कापरं भरणारा प्राणी शून्याजवळच्या रात्री जगतो कसा?

थोडं काम त्याची फर करते. ती दाट आणि मऊ असते, अगदी पायांच्या तळव्यांवरसुद्धा केस असतात. हे केस दिवसा तापलेल्या वाळूपासून वाचवतात आणि भुसभुशीत वाळूत पाय रुतू देत नाहीत. झुपकेदार शेपटी गुंडाळून झोपला की रजईची सोय होते. पण खरं उत्तर जमिनीखाली आहे.

फेनेकचं बीळ म्हणजे आपण समजतो तसं एक भोक नाही. वाळूच्या घट्ट झालेल्या टेकाडांत तो बोगदे खणतो. एकेक बोगदा दहा मीटरपर्यंत लांब जातो. मोठ्या बिळांचा विस्तार १२० चौरस मीटरपर्यंत आणि दारं पंधरापर्यंत आढळलेली आहेत. आपल्या भाषेत सांगायचं तर जवळपास १,३०० चौरस फुटांचा फ्लॅट, पुण्या-मुंबईत आपल्यापैकी बहुतेकांना परवडणार नाही असा. जमिनीखाली काही फुटांवर तापमान फारसं हलत नाही. वर दुपारी आग असो की पहाटे गारठा, खाली हवा एकसारखी, किंचित दमट.

आणि या घरात तो एकटा नसतो. फेनेक हा खोकडांमधला भलताच कुटुंबवत्सल प्राणी. नर-मादी जोडीने राहतात, आधीच्या वर्षीची मोठी झालेली पिल्लं बरेचदा आई-बापांसोबतच थांबतात, शेजारपाजारची बिळंही कधीकधी एकमेकांना जोडलेली असतात. झोपताना अंगाला अंग लावून, एकमेकांवर पडून झोपतात. एकत्र कुटुंब पद्धतीच म्हणा ना.

म्हणजे थंडीवर फेनेककडे उपाय आहे. स्वतःच्या पायांनी खणलेलं बीळ आणि त्यात शेजारी झोपलेली आपली माणसं. थंड देशातल्या घरात आपण त्याला आणतो तेव्हा नेमक्या याच दोन गोष्टी काढून घेतो आणि बदल्यात हीटर देतो.

फ्लॅटमध्ये काय होतं

हीटरने तापमानाचा प्रश्न सुटतो, यात वाद नाही. वॉशिंग्टन डीसीमध्ये हिवाळ्यात चांगला बर्फ पडतो. तरी तिथल्या स्मिथसोनियन राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात फेनेक राहिलेले आहेत, लहान सस्तन प्राण्यांच्या बंदिस्त इमारतीत. अशा बंदिवासात फेनेक चौदा वर्षांपर्यंतही जगू शकतो. तेव्हा ‘थंड प्रदेशात तो मरतो का?’ असं विचारलंत तर उत्तर आहे, नाही, नीट ठेवला तर नाही. पण प्राणिसंग्रहालयात त्याच्यासाठी वाळू असते, सोबत दुसरे फेनेक ठेवता येतात, पगारी किपर असतो, प्राण्यांचा डॉक्टर त्याच आवारात असतो आणि वीज गेली तर जनरेटर.

वीज जाणं हा प्रकार फक्त आपल्याकडेच होतो असं समजू नका. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात हिमवादळ आलं आणि ४५ लाखांहून जास्त घरं-आस्थापनांची वीज गेली, अनेकांची कित्येक दिवस. माणसांनी जाड कपडे चढवले, ओळखीच्यांकडे आसरा घेतला. वीस अंशांखाली थरथरणाऱ्या दीड किलोच्या प्राण्याचं अशा रात्री काय होईल, याचा विचार हीटर विकत घेताना कोणी करत नाही.

बरं, वीज आहे, खोली २४ अंशांवर आहे, सगळं छान. आता रात्रीचे अकरा वाजले. तुमची उद्या सबमिशन आहे, तुम्हाला झोपायचंय. फेनेकचा दिवस आत्ता सुरू झाला. तो खणणार. वाळू नाही म्हणून त्याच्या पायांतली खाज जात नाही, त्यामुळे तो सोफा खणतो, गादी खणतो, कार्पेटचा कोपरा खणतो, कुंडीतली माती तर हमखास. जागच्या जागी साठ सेंटिमीटर उंच आणि एका झेपेत सव्वा मीटरच्या आसपास लांब उडी मारणारा हा प्राणी किचन ओट्यापर्यंत कसा पोचतो हे विचारायला नको. आणि ओरडतो! एवढ्याशा जिवातून एवढा चिरका आवाज कसा निघतो याचं आश्चर्य वाटतं. आनंद झाला तरी किंकाळी, घाबरला तरी किंकाळी. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला त्यातला फरक कळणार नाही.

लघवीचाही विषय काढायलाच हवा, कारण रीलमध्ये वास येत नाही. फेनेकला वाळवंटात पिण्याचं पाणी न मिळताही दिवस काढता येतात, खाण्यातून मिळतं तेवढ्यावर त्याचं भागतं. त्याच्या किडन्या पाण्याचा थेंब न थेंब वाचवतात. म्हणून त्याची लघवी अत्यंत दाट असते, आणि तिने तो आपली हद्द आखतो. मांजरीसारखी ट्रेची सवय काहींना थोडीफार लागते, पुरती लागेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

थंड हवामानाचा खरा परिणाम मला इथे दिसतो. उबदार ठिकाणी त्याला निदान अंगणात, मजबूत जाळीच्या आत, वाळूत सोडता येतं. कडाक्याच्या हिवाळ्यात चार-पाच महिने त्याला दार उघडून बाहेर सोडायची सोयच नाही. हीटरची ऊब त्याला मिळते, पण जग दोन खोल्यांचं होतं. थंडी त्याला गारठून मारत नाही, कोंडून ठेवते.

माणसाळलेला आणि पाळीव

यावर एक नेहमीचं उत्तर येतं: ‘अहो, पण पिल्लापासून हाताने दूध पाजून वाढवला की तो माणसाळतो.’ माणसाळतो, थोडाफार. पण माणसाळलेला आणि पाळीव यात फरक आहे, आणि या विषयातला अर्धा गोंधळ हा फरक न केल्यामुळे होतो. माणसाळणं एका प्राण्याच्या आयुष्यात होतं. पाळीव होणं पिढ्यान् पिढ्या चालतं.

हे किती वेळखाऊ काम आहे ते खोकडांवरच करून पाहिलंय. १९५९ मध्ये रशियातल्या नोव्होसिबिर्स्कजवळ दिमित्री बेल्याएव या शास्त्रज्ञाने चंदेरी खोकडांवर प्रयोग सुरू केला. प्रत्येक पिढीतून माणसाला सर्वांत कमी घाबरणारी पिल्लं निवडायची आणि त्यांचीच पुढची पिढी काढायची. १९८५ मध्ये बेल्याएव गेले, त्यांच्या सहकारी ल्युद्मिला त्रुत यांनी काम पुढे चालवलं. हजारो खोकडं आणि काही दशकं खर्ची पडल्यावर माणूस दिसला की शेपटी हलवत धावत येणारी खोकडं तयार झाली. फेनेकवर असं काम कधीच झालेलं नाही. रीलमधला शेपटी हलवणारा फेनेक त्या क्षणी खूश असेलही, पण आतून तो सहारातल्या त्याच्या चुलत भावाइतकाच रानटी आहे. मोठा आवाज झाला, दार उघडं दिसलं, की तो पळणार. आणि बर्फात पळालेला फेनेक जिवंत सापडणं अवघड.

‘द लिटल प्रिन्स’ वाचलेल्यांना इथे एक ओळखीचा चेहरा आठवेल. त्या पुस्तकातला माणसाळवायला सांगणारा तो खोकड. लेखक आंत्वान द सँत-एक्झ्युपेरी १९२७-२८ च्या सुमारास सहाराच्या किनाऱ्यावर, केप जुबी इथल्या विमानतळावर टपाल विमानांचं काम बघत होता. तिथे त्याने खरोखर एक फेनेक बाळगला होता. पुस्तक आलं १९४३ मध्ये. पुस्तकातला खोकड गोड बोलतो, पण त्याने बाळगलेला खराखुरा फेनेक चांगलाच रानटी होता, हे त्याच्याच पत्रातून कळतं.

रानटी असण्याचा आणखी एक मुद्दा आहे आणि तो जिवावरचा आहे. अमेरिकेत कुत्र्या-मांजरांसाठी रेबीजच्या अधिकृत लसी आहेत, फेनेकसाठी एकही मान्यताप्राप्त लस नाही. डॉक्टर काही वेळा दुसऱ्या प्राण्यांची लस देतात, पण कायद्याच्या कागदावर तो लस न घेतलेलाच. समजा तो तुमच्या रूममेटला चावला आणि प्रकरण आरोग्य खात्याकडे गेलं. कुत्रा असता तर दहा दिवस निगराणीखाली ठेवून सोडला असता. फेनेकच्या बाबतीत तपासणीसाठी त्याला मारून मेंदूचा नमुना घेण्याचा निर्णय होऊ शकतो. दात लागला दोन मिलिमीटर, आणि तेवढ्यावर त्याचा जीव जाऊ शकतो.

तुमच्यापैकी जे बाहेर जाणार आहेत

हे सगळं आपल्याला कशाला, असं वाटत असेल तर थांबा. तुमच्यापैकी बरेच जण एक-दोन वर्षांत मास्टर्ससाठी बाहेर जाणार आहात. तिथे एकटेपणा येतो, पहिला हिवाळा अंगावर येतो आणि ‘काहीतरी पाळावं’ असं वाटायला लागतं. काही ठिकाणी फेनेक कायद्याने मिळतो. किंमत काही हजार डॉलर, म्हणजे एका सेमिस्टरचा राहण्याचा खर्च सहज निघेल एवढी.

कायदा मात्र गल्लीगणिक बदलतो. न्यूयॉर्क राज्याच्या कायद्यात बंदिवासात जन्मलेल्या फेनेकला जंगली प्राण्यांच्या यादीतून मुद्दाम वगळलंय. पण त्याच राज्यातल्या न्यूयॉर्क शहराच्या आरोग्य नियमांत खोकड पाळायला मनाई आहे. कॅलिफोर्नियात बंदी. नेदरलँड्सने जुलै २०२४ पासून उलटी पद्धत आणली: पाळता येतील अशा ३० सस्तन प्राण्यांची यादीच काढली आणि बाकी सगळ्यांना नाही म्हटलं. फेनेक त्या तिसात नाही. आणि कायदा हो म्हणाला तरी तुमची लीज काय म्हणते ते वेगळंच. सगळ्यात साधं गणित हे की कोर्स दोन वर्षांचा आणि फेनेक दहा-बारा वर्षांचा. नोकरी दुसऱ्या राज्यात लागली, व्हिसा संपला, परत यायचं ठरलं, तर त्याला कोण घेणार? कुत्र्याला घर मिळतं. रात्रभर खणणाऱ्या, सोफ्यावर लघवी करणाऱ्या वाळवंटी खोकडाला घेणारा शोधून दाखवा.

भारतात आणायचं म्हणाल तर फेनेक ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानंतर या परिशिष्टांतले प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी बंधनकारक झाली. २०२४ च्या नियमांप्रमाणे ती ‘परिवेश’ पोर्टलवर करायची. प्राणी विकला, मेला, पिल्लं झाली, सगळ्याची नोंद. कागद नसलेला कोणी ‘मित्राकडून घेतलाय, टेन्शन नको’ म्हणून विकत असेल तर टेन्शन घ्याच. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या बॅगांमधून कोंबलेले जिवंत परदेशी प्राणी कस्टम्सने अनेकदा पकडलेत. त्यातले काही बॅगेतच मेलेले असतात. तिकडे उत्तर आफ्रिकेत पर्यटकांसोबत फोटोसाठी किंवा विकण्यासाठी फेनेक बिळातून पकडले जातात. त्यांची एकूण संख्या अजून धोक्याच्या पातळीला आलेली नाही, हे खरं. पण पकडलेल्या एखाद्या पिल्लाला त्याचा काय उपयोग?

कोल्ह्याला द्राक्षं आंबट, असं कोणी म्हणेल. म्हणू देत. खोकडच बघायचा असेल तर आपल्याकडे स्वतःचा आहे. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातलं कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातलं शिर्सुफळ इथे वनविभागाने गवताळ माळरानाची सफारी सुरू केली आहे. स्वारगेटहून निघालात तर एका दिवसात जाऊन येता येतं. गाइड सोबत घ्यायचा, भल्या सकाळी किंवा उन्हं कलल्यावर पोचायचं आणि बिळांपासून लांब, गाडीतच बसायचं. चिंकारा दिसतील, नशीब असेल तर लांडगा. खोकड दिसला तर बहुधा बिळाच्या तोंडाशी, कान टवकारून. कान फेनेकएवढे नाहीत त्याचे, पण तुमची गाडी तुम्हाला तो दिसायच्या आधी त्याने ऐकलेली असते. हिवाळ्यात गेलात तर स्वेटर न्या, माळावर पहाटे चांगलीच थंडी असते.